खुनी मी बदलला

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या यांनाही नाही. परवा नोएडाला नातीने विचारलं — आजी, त्या डिटेक्टिव्हच्या कादंबऱ्यांतली तुझी फेवरेट कुठली? मी भलतंच नाव सांगून मोकळी झाले.

खरी आवडती ती, जिच्यात डॉक्टर खुनी निघतो. माझी शाळा सातवीतच सुटली. धड वाचायला शिकले ती याच पुस्तकांवर. पुण्याहून कुणी आलं की दिल्लीत मुनिरकाजवळच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या मालिकेतलं नवं पुस्तक यायचं. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, नजर गेलेली. हे ऑफिसात, मुलं हिंदी शाळेतली — मराठी वाचून दाखवणारी मी एकटीच. शेवटच्या प्रकरणाआधी अण्णा मला थांबवून खुनी कोण ते सांगायचे. आणि बिल्कुल बरोबर असायचे.

एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, "सूनबाई वाचतात छान. कळतं किती, ते विचारू नका हं." सगळे हसले. मीही हसले, चहा ओतला.

त्याच आठवड्यात ते डॉक्टरचं पुस्तक निघालं. "डॉक्टरच," अण्णा म्हणाले. "औषधाची बाटली दुसऱ्या कुणाला बदलता येणार?" बरोबर होतं. मी पान उलटलं आणि — काय सांगू — डॉक्टरच्या जागी माळी वाचला. गुप्तहेराचं शेवटचं सगळं बोलणं मनानेच रचलं. अडखळलेसुद्धा नाही.

"अच्छा," अण्णा म्हणाले. "माळी होय."

बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? पुढच्या पुस्तकातही तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

मग एका दुपारी अण्णांनी थांबवलंच नाही. मीच विचारलं, "कोण वाटतं, अण्णा?"

"तू वाच बाई. माझं डोकं आता चालत नाही."

यांनी फ्लॅट घ्यावा का म्हणून विचारलं, तरी तेच — "मला काय कळतंय? सूनबाईला विचार."

घाबरले मी. त्यानंतर अक्षर न् अक्षर खरं वाचलं. पण अण्णा नुसते ऐकायचे, रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तसे. अण्णा, तुमचं बरोबर होतं, मी खोटं वाचलं — एवढंच तर म्हणायचं होतं. रोज दुपारी त्यांच्या खाटेशी बसत होते की मी.

म्हटलं नाही. आपलं डोकं गेलं, असं समजूनच ते गेले.