क्लेटन आगाराची गाडी

लॉकडाऊनच्या त्या दोन वर्षांत अख्ख्या ऑस्ट्रेलियात दर शनिवारी ठरल्या वेळी आपल्या गावाला पोचणारा एकच माणूस होता, आणि तो क्लेटनमध्ये आमच्या मागच्या खोलीत राहायचा. माझ्या नवऱ्याचा युनिव्हर्सिटीपासूनचा मित्र. सहा महिन्यांसाठी म्हणून आला आणि पाच वर्षं झाली तरी जायचं नाव काढत नाही. कौन्सिलसाठी गटारांची ड्रॉइंग्ज काढणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग, आणि कॉम्प्युटरवर एसटी चालवणं हा खरा. हो, एसटीच. आपली लाल गाडी. लोक गेम खेळतात म्हणजे कुणावर तरी गोळ्या झाडतात, नाहीतर काहीतरी उडवून देतात. हा इसम टेबलाला स्टिअरिंग स्क्रूने आवळून, डाव्या हाताला गिअरचा दांडा बसवून सांगली स्टँडपासून त्याच्या गावापर्यंत अठ्ठावन्न किलोमीटर गाडी न्यायचा, तीही घड्याळ लावून. खऱ्या गाडीला दोन तास लागायचे, म्हणून यालाही दोन तास. गेममध्ये वेळ पुढे ढकलायचं बटण होतं, पण त्याला याने कधी हात लावला नाही. "प्रवासी बसलेत वहिनी," म्हणायचा. प्रवासी कसले, नुसते ठोकळे. मूळ गेम युरोपातल्या कुणीतरी बनवलेला, त्यामुळे सांगलीच्या उन्हात निम्मी गाडी लोकरीचे कोट घालून बसलेली असायची.

एरवी हा प्राणी ऑफिसच्या मीटिंगला वर शर्ट आणि खाली पायजमा अशा अवतारात बसायचा. शनिवारी मात्र जेवण झालं की अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट. स्क्रीनच्या कडेला लिंबू-मिरची टांगलेली. आमच्या फ्रीजमधल्या मिरच्या कुठे जातात याचा मला चार महिने पत्ता नव्हता. एका आंधळ्या वळणावर तो असा काही हॉर्न द्यायचा की कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या ग्रीक आजोबांनी एकदा डोकं वर काढून विचारलं, मेट, ट्रक घेतलास का? तेव्हा याने कुंपणाशी उभं राहून त्यांना अर्धा तास समजावलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आहे ना, मग तुला कुणी पकडत नाही?" त्या दिवसापासून त्या दोघांचं फार जमलं.

बाकीच्यांना समजावणं इतकं सोपं नव्हतं. गणपतीत आमच्या ग्रुपची झूमवर आरती झाली आणि मग गप्पा निघाल्या. कुणीतरी विचारलं, "पण यात जिंकतात कसं?"

"जिंकत नाही. पोचतो."

"पोचल्यावर काय मिळतं?"

"गाव येतं."

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. माझ्या सासूबाईंनी तर व्हिडिओ कॉलवर त्याला सरळ सांगितलं की बाळा, तू लग्न कर. त्यावर त्याने त्यांनाही पहिल्यापासून सगळं समजावायला घेतलं. गिअर, थांबे, सुटायची वेळ. कुणी चेष्टेने विचारलं तरी तो मन लावून उत्तर द्यायचा, हा त्याचा मोठा दोष. माझा दोष असा की मी दुसऱ्याची खोड काढता काढता त्यात अडकते. एका शनिवारी त्याची टिंगल करायची म्हणून मी दारावर दोनदा टकटक केलं आणि ओरडले, "चला, डबल बेल!" आतून गाडी सुटल्याचा आवाज आला. पुढच्या शनिवारी मी विसरले, तर हा वीस मिनिटं इंजिन चालू ठेवून बसून राहिला. बेल दिल्याशिवाय गाडी कशी हलवणार? झालं, त्या दिवसापासून मी क्लेटन आगाराची कंडक्टर.

हे सगळं कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. त्याचे वडील, अण्णा, एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाव ते सांगली हीच फेरी. गाडी रात्री गावात मुक्कामाला आणि पहाटे सांगलीला परत. मधे तो रस्ता मोठा झाला, चौपदरी, आणि दोन्ही कडांची झाडं गेली. वडाची कमान गेली, थांब्याची चिंच गेली. हा इकडे शिकायला आला तेव्हा झाडं होती, नंतर गेला तेव्हा नव्हती. मग याने ठरवलं की तो जुना रस्ता गेममध्ये स्वतः बनवायचा. गटारांची ड्रॉइंग्ज काढणारा माणूस, त्याला वळणं आणि उतार जमायला काय अवघड. पण झाडं? उपग्रहाच्या फोटोत ती नव्हतीच. मी म्हटलं, "अरे, लहानपणापासून त्याच गाडीने गेलास ना, तुला आठवत नाही?" तर म्हणाला, "वहिनी, मी इंजिनाच्या बॉनेटवर बसून अण्णांकडे बघायचो. रस्ता कोण बघतंय?"

तेव्हा दर रविवारी अण्णांना फोन. अण्णा तिकडून बोलायचे आणि हा वहीत लिहून घ्यायचा. नाला ओलांडला की डाव्या हाताला चिंच. मग उजव्या हाताला गुऱ्हाळ. पुढं डावीकडं विहीर, तिच्या कठड्याला गाडी घासती, जपून. अण्णांचा आवाज भिंतीतून माझ्यापर्यंत यायचा, आणि भाजी निवडता निवडता तो रस्ता मलाही पाठ झाला. माझं माहेर पुण्याचं, त्या रस्त्याशी माझा काडीचा संबंध नाही. पण विमानं बंद, आई तिकडे, मी इकडे, अशा वेळी कुणाचाही रस्ता आपलाच वाटतो.

वळणं आणि उतार आधीच झाले होते, त्यामुळे शनिवारची फेरी तोवर बोडक्या रस्त्यावरून चालूच होती. वर्षभराने झाडांसकट रस्ता तयार झाला, अण्णांनीही व्हिडिओवाला फोन घेतला, आणि एका शनिवारी उद्घाटनाची फेरी निघाली. मी बेल दिली. हा फोन स्टँडला लावून गाडी चालवतोय आणि पलीकडे अण्णा टोपी घालून बघतायत. दहा मिनिटांनी त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, गहिवरले. मग म्हणाले, "आरं, चिंच हिकडं कुठनं आली?"

सगळंच्या सगळं उलटं झालं होतं. चिंच, गुऱ्हाळ, विहीर, मारुतीचं देऊळ, जे डावीकडे हवं ते उजवीकडे, जे आधी हवं ते नंतर. अण्णांनी काही चूक सांगितलं नव्हतं. पण अण्णा रस्ता आठवायचे तो पहाटे गावाहून निघून सांगलीकडे जाताना, आणि हा तो मांडत गेला सांगलीहून गावाकडे येताना. अण्णांच्या डोक्यात गाडी कायम गावातून निघायची आणि याच्या डोक्यात ती कायम गावाला यायची. वर्षभर बापलेक एकाच रस्त्यावर एकमेकांसमोरून गाड्या नेत होते. अण्णा खोकला येईपर्यंत हसले. यालाही हसू आलं, पण पुढचे चार महिने सगळी झाडं एकेक करून पुढची मागे आणि या कडेची त्या कडेला लावण्यात गेले.

दुसऱ्या लाटेत एका मंगळवारी सकाळी फोन आला. अण्णांना हार्ट अटॅक, सांगलीला दवाखान्यात नेलंय. त्याने विमानाचं बघितलं. जायला वाट नव्हती, सीमा बंद होत्या. तो खोलीत गेला आणि थोड्या वेळाने मला गाडीचा आवाज आला. मी कंडक्टर झाल्यापासून बेलशिवाय सुटलेली पहिली गाडी. मी दार उघडलं तर अंगात साधा टीशर्ट, आणि गाडी त्या आंधळ्या वळणावरून हॉर्न न देता निघालेली. दोन तासांची फेरी त्याने दीड तासात मारली. शेवटी गावचं स्टँड आलं. तिथे त्याने एकही ठोकळा कधी उभा केला नव्हता. कोट घातलेली माणसं आपल्या गावात नकोत, म्हणायचा. रिकाम्या स्टँडसमोर इंजिन बंद करून तो बसून राहिला. म्हणाला, "लवकर पोचलो, वहिनी. पण इथं कुणीच नाही." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरेना, कंडक्टर असून.

अण्णा बारा दिवसांनी घरी आले. पहिला प्रश्न, "गाडी बंद ठेवली न्हाईस ना?"

मग एकदाच्या सीमा उघडल्या आणि मिळेल त्या पहिल्या विमानाने तो गेला. सांगलीहून गावाला मात्र एसटीनेच गेला, हट्टाने. नव्या रस्त्याने गाडी सव्वा तासातच पोचली. तो उतरला आणि बघतो तर अण्णा रस्त्याच्या पलीकडे उभे. पहाटे सांगलीची गाडी निघायची ती बाजू. तीस वर्षं ज्या जागी जाऊन गाडीत चढले, पाय त्यांना तिथेच घेऊन गेले. मधे चार पदरी रस्ता, कमरेएवढा डिव्हायडर आणि सुसाट ट्रक. अण्णांनी हात वर केला, थांब अशी खूण केली. याने ओरडून सांगितलं, तुम्ही थांबा, मी येतो. दोघांपैकी कुणी थांबलं नाही. डिव्हायडरला फट होती ती अर्धा किलोमीटर पुढे. तेवढं अंतर हा इकडून आणि अण्णा तिकडून, एकमेकांकडे बघत चालत गेले. अण्णांना आता भरभर चालवत नाही, म्हणून हाही पाऊल आवरून चालला. "दोन वर्षं निघाली वहिनी," परत आल्यावर मला म्हणाला, "पण तो अर्धा किलोमीटर सरता सरेना."

आता सगळं पहिल्यासारखं झालंय. लोक घरी जातात, येतात, विमानातल्या जेवणाला नावं ठेवतात. अण्णा बरे आहेत, पण आता पोराला सोडायला कोपऱ्यापर्यंतही येववत नाही. इकडे शनिवारी दुपारी मी अजून दारावर दोनदा टकटक करते. नकाशात त्याने डिव्हायडर घातलेला नाही, घालणारही नाही. परवा मात्र फेरी संपेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, तर गावच्या स्टँडवर पहिल्यांदाच एक माणूस दिसला. टोपी घातलेला, एक हात वर केलेला, रस्त्याच्या पलीकडे.

मी म्हटलं, "अरे, परत बाजू चुकलास. गाडी तर इकडे लागते."

"नाही वहिनी," तो इंजिन बंद करत म्हणाला, "ते तिथंच उभे राहतात."