रायरांचा मुरुक्कू

समोरच्याने आकडा सांगितला की रायर कॉफी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतत बसत. बोलत नसत. कॉफी गार होई, समोरचा अस्वस्थ होई, आणि त्याच्याही आधी मी.

तंजावरच्या मराठी माणसांना चेन्नईत रायर म्हणतात. ऑफिसात तेच त्यांचं नाव पडलं होतं. श्रीपेरुंबुदूरजवळ आमची कंपनी स्वस्त मोबाइल बनवते. त्यात वापरलेल्या दुसऱ्यांच्या पेटंटची रॉयल्टी ठरवायचं काम आम्हा दोघांकडे होतं. एक परदेशी कंपनी फोनच्या पूर्ण किमतीवर टक्केवारी मागत होती. आमचं म्हणणं, पेटंट चिपमधलं, तर रॉयल्टीही चिपच्याच किमतीवर. त्यांचं खरं झालं असतं तर स्वस्त फोन बंद, आणि कंपनीच्या बसने येणाऱ्या मुलींचं कामही बंद.

मी पुण्याचा. शांतता पडली की ती भरून काढणं मला माझं कर्तव्य वाटतं. पहिल्याच बैठकीत मी न राहवून "थोडं पुढेमागे करता येईल" म्हणून मोकळा झालो. बाहेर आल्यावर रायर रागावले नाहीत. "आकडा त्याणें सांगितला, ओझं त्याचं," ते म्हणाले. "तू कां उचलतोस पा? उगे बैस."

पुढच्या बैठकीपासून ते मुरुक्कूची बशी माझ्यापुढे सरकवू लागले. मुरुक्कू म्हणजे तिकडची चकली, पण चांगलीच कडक. मला त्यांच्या मायेचं फार कौतुक. आईलाही फोनवर सांगितलं. मुरुक्कू चावताना माणसाला बोलता येत नाही, हे माझ्यासारख्या इंजिनिअरच्या लक्षात यायला वर्ष गेलं.

बोलणी संपण्याआधीच रायर निवृत्त होऊन तंजावरला गेले. शेवटची बैठक ऑनलाइन होती, आणि मी एकटा. पलीकडच्या बाईंनी पुन्हा पूर्ण किमतीचाच आग्रह धरला. "थोडं पुढेमागे" पुन्हा माझ्या ओठांवर आलं. खणातला मुरुक्कू काढून मी तोंडात कोंबला. बाईंनी विचारलं, तुमचा माइक बंद आहे का? मी नुसती मान हलवली. बऱ्याच वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, ठीक आहे, चिपच्या किमतीवर बोलू.

लगेच रायरांना फोन लावला. सगळं सांगून शाबासकीची वाट पाहत थांबलो. पलीकडे शांतता. मला राहवेना. तब्येत सांभाळा म्हटलं. मग, तुमच्याशिवाय इथे करमत नाही, हेही सांगून टाकलं. तरी उत्तर येईना, तेव्हा पोंगलला तंजावरला राहायला येतो असं कबूल करून बसलो.

"ये पा," रायर म्हणाले. "खोली कधीची झाडून ठेवली आहे."