पाटे मऊ होईपर्यंत

अम्माला पापनाशमला जायचं होतं. तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, तिथं राहायचा. अर्धांगवायूनं त्याची डावी बाजू गेली होती आणि इकडे अम्माचा रोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता. दोघांच्या मध्ये जेमतेम पंधरा मैलांचा रस्ता. "एकदा त्याला पाहून येतें, मग काय व्हायचं ते होऊ दे," एवढंच ती म्हणायची. डॉक्टरांनी जाऊ नका असं म्हटलं नव्हतं. धक्के बसू देऊ नका, हाडं ठिसूळ झालीत, एवढंच त्यांनी बजावलं होतं.

बसचा प्रश्नच नव्हता आणि रेल्वेच्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. उरली आमची गाडी, वडिलांनी मागे ठेवलेली, जुनी, गोल पाठीची. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतही त्या वर्षांत नव्या छोट्या गाड्या यायला लागल्या होत्या. समोरच्या प्राध्यापकांनी एक घेतली होती, आणि ते आपण होऊन म्हणाले, "माझी घेऊन जा." मी म्हटलं, "नको सार, अम्मा आपल्याच गाडीतून जाईल." कुणाची मदत घ्यायची म्हटलं की माझं डोकं फिरायचं. त्यात मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा. वजन, धक्का आणि स्प्रिंग यांतलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा गोड गैरसमज होता.

पहिल्या रविवारी गाडी बस स्टँडमागच्या मेकॅनिककडे नेली. स्टिअरिंगमध्ये दोन बोटं प्ले होता. चाक फिरवलं तरी गाडी जरा उशिरानं वळायची, मग खड्डा चुकवताना हिसका बसायचा. त्यानं टाय रॉडची टोकं बदलली, सगळीकडे ग्रीस भरलं. मग मी माझ्या पद्धतीनं गाडीची परीक्षा घेतली. मागच्या सीटवर अम्माच्या वजनाचं तांदळाचं पोतं ठेवलं, त्याला टेकून काठोकाठ भरलेला पितळी तांब्या, आणि पापनाशमच्या रस्त्यानं कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन परत आलो. तांब्या अर्धा रिकामा झाला होता आणि सीट चिंब भिजली होती.

पुढच्या रविवारी मागच्या चाकांवरचे पाटे उघडले. एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या त्या. गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या घासून, ग्रीस लावून परत बसवल्या. त्याच्या पुढच्या रविवारी दोन्ही बाजूंची एकेक पट्टी काढून टाकली. गाडी मऊ झाली खरी, पण होडीसारखी डुलायला लागली आणि पाणी पुढे सांडायचं ते बाजूला सांडू लागलं. मग त्रिचीहून नवे शॉकॲब्सॉर्बर मागवले. ते यायला आठ दिवस गेले.

दर शनिवारी संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या फोन बूथवरून मामाच्या शेजाऱ्यांकडे निरोप द्यायचो, उद्या येतो. आणि रविवारी सकाळी अम्मा आंघोळ करून, हिरवं नऊवारी नेसून कॉटवर बसून राहायची. नेसवायला माझ्या बायकोला तासभर लागायचा. मी चाचणी करून परत आलो की ती माझ्या तोंडाकडे पाहायची.

"किती सांडलं?"

"चार बोटं."

"चार बोटांचं दुखणं सोसतें रे मी. चल."

"आणखी एक रविवार, अम्मा."

मग बायको ते लुगडं परत सोडवायची. एकदा घडी घालता घालता ती म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

दवाखान्यात वजन केलं तेव्हा अम्मा सहा किलोंनी उतरली होती. मी पोत्यातले तांदूळ तेवढे कमी केले आणि तांब्या पुन्हा सांडायला लागला. मेकॅनिकनं तमिळमध्ये समजावलं, मागं ओझं कमी असलं की पाटा कडकच लागणार. म्हणजे ती जितकी हलकी होत चालली होती, तितकी गाडी तिला टोचणार होती. मी म्हटलं, आणखी एक पट्टी काढ. तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "सार, ही सडक आहे, आगगाडीचे रूळ नव्हेत. घेऊन जा तुमच्या अम्माला." मी त्यालाच स्प्रिंगचा नियम ऐकवला. त्या बिचाऱ्यानं पट्टी काढली.

आज कळतं, मी घाबरलो होतो, आणि धक्क्यांना नव्हे. भावाला भेटून आली की मग काय व्हायचं ते होऊ दे, असं ती म्हणाली होती ना? जोवर जायचं राहिलंय तोवर ती आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तांब्या नुसतं निमित्त होता. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

त्यानंतरच्या रविवारी एक थेंबही सांडला नाही. मी अंगणातूनच ओरडलो, "अम्मा, चल!" आत गेलो तर ती आडवीच होती. आम्ही दोघांनी तिला उठवून बसवायला हात घातला आणि ती किंचाळली. तिला तसं किंचाळताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. बुधवारी पहाटे ती गेली.

मामाला सांगायला मी उजाडताच त्याच गाडीनं पापनाशमला गेलो. फोनवरून बातमी माझ्या आधीच पोचली होती. तो दारातल्या ओट्यावर बसला होता, म्हणाला, "मला ने." शेजारच्या दोघांनी त्याला उचलून मागच्या सीटवर बसवलं. मिनिटसुद्धा लागलं नाही. मी दोन महिने धरून चाललो होतो की त्याला घराबाहेर काढता येणार नाही. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. बहिणीनं माहेरी जायचं, एवढंच आम्हां सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं.

अर्धा रस्ता सरला. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालली होती. मग मागून आवाज आला, "गाडी बरी चालते रे. धक्का म्हणून लागत नाही."

मी होय म्हटलं.

"दर रविवारी दाढी करून बसत होतों. अक्का येणार म्हणून." मग म्हणाला, "मला न्यायला आला असतास तर मी आलों असतों की."

त्यात राग नव्हता. तो नुसतं सांगत होता. मला पुढचं दिसेना. गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मी ढसाढसा रडलो. मामाला उठून पुढं येता येत नव्हतं. चालता उजवा हात त्यानं लांब केला, पण तो माझ्या खांद्यापर्यंत पोचला नाही. मागं बसूनच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, "चल रे, पोरा. अक्का वाट पाहत असेल."