काकाजींची हीट

भिलाईत पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेली माणसं पुष्कळ, पण अख्खा प्लांट सोबत घेऊन रिटायर झालेला माणूस एकच: आमच्या शेजारचे काकाजी. चहा गाळणं म्हणजे त्यांच्या भाषेत ‘टॅपिंग’, काकू माहेरी गेल्या की घरात ‘शटडाउन’, आणि कुठलंही काम तडीला गेलं की ‘हीट निघाली’. भट्टीतलं पोलाद ओतून काढणं म्हणजे टॅपिंग, आणि एका वेळी जेवढं निघतं त्याला तिथे हीट म्हणतात. काकाजींच्या हिशेबी पोळीसुद्धा तव्यावरून हीट म्हणूनच निघायची.

भिलाईतल्या कोहका वस्तीच्या टोकाला त्यांचं घर, मागे गवताचा पट्टा, दारात म्हातारी होत चाललेली गाय. काकूंचे गुडघे गेले, चारा आणणं जमेना. एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, “गाईले गोंदियाले भावाकडं पाठवतो. अन् मी बी तिच्यासंगंच जातो.” काकाजींची पाचावर धारण बसली. “कावून जाशीन? चारा मी करून राहिलो ना!”

आणि खरंच, नंदिनी नगरातल्या जुन्या दोस्ताकडून त्यांनी एक खटारा पॉवर टिलर आणला, पुढे गवत कापायची पट्टी बसवली, गठ्ठे दाबायला फळ्यांची पेटी ठोकली, तिला लांब दांडा लावला. टिलर शिव्या ऐकल्याशिवाय सुरू होत नसे आणि बंद व्हायचा तो स्वतःच्या मर्जीने. दांड्यावर काकाजी स्वतः लोंबकळत. वजन कमी पडलं की मला ओरडत, “पाहत काय राहिला बे? लटक!” मी बँकेतला माणूस, इस्त्रीच्या शर्टात लटकलो. कापलेलं गवत ते रोज उन्हात उलटत, मूठभर चुरगाळून नाकाशी नेत. “ओलं दाबलं त बुरशी धरते,” म्हणत.

पहिला गठ्ठा पेटीतून अखंड निघाला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. हे गवत गाईला लगेच द्यावं का, एवढंच विचारायला काकाजींनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आनंदाच्या भरात ओरडले, “डॉक्टरसाब, हीट निकल गई! जल्दी आओ!” आता गाय माजावर आली की डॉक्टर लोक त्यालाही हीटच म्हणतात. वेळ निघून जाईल म्हणून तो बिचारा कृत्रिम रेतनाचं सगळं सामान घेऊन, हातमोजे चढवूनच हजर! “गाय कहाँ है?” काकू पदर तोंडाला लावून हसता हसता खाली बसल्या. गाईने मान फिरवली. काकाजी मात्र जराही ओशाळले नाहीत. “आए हो तो गठ्ठा दबवाओ!” हातमोज्यांसकट डॉक्टरही दांड्याला लटकला. पाऊस आला तेव्हा थोडं भिजलं, बाकीचं सगळं तोवर छपराखाली गेलं होतं.

चहा पिताना काकाजींनी काकूंकडे न बघता विचारलं, “आता त नाही ना जात?”

“असे गुडघे घेऊन कुठं जाऊ मी?” काकू म्हणाल्या. “तुमी काय करता, तेच पाहून राहिली होती.”

 काकाजींनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

गाय त्यानंतर एकच उन्हाळा जगली. काकाजी अजून दरवर्षी गवत करतात, काकू ओट्यावर खुर्ची टाकून “तिकडचं उलटा जरा” म्हणून ओरडतात. आता कोणाच्या गाईसाठी, हे कुणी विचारत नाही. मी तर मुळीच नाही.