कधीच त्रास न दिलेला ओव्हन

अर्लीन कुचेराला आपल्या ओव्हनचं कौतुक जरा जास्तच होतं. चर्चच्या तळघरात बायका कोलाचे, म्हणजे जर्दाळूचं सारण भरलेले गोड पाव, वळायला बसल्या की कुणीतरी आपल्या नव्याकोऱ्या ओव्हनची रड सांगायची, आणि अर्लीन हटकून म्हणायची, "आमचा बाई कधीच त्रास देत नाही." मोहरीच्या रंगाचा तो ओव्हन तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, लेनर्डनं, मका चांगला पिकला त्या वर्षी घेतला होता. मुलगा डेल तेव्हा शाळेत होता. नवे ओव्हन नुसते लुकलुकतात, शिजवत काही नाहीत, असं तिचं मत होतं, आणि नेब्रास्कातल्या त्या एवढ्याशा गावात अर्लीनच्या मताविरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती.

तो ओव्हन स्वतःच स्वतःला साफ करायचा. दार लावायचं, वरचा खटका सरकवून कुलूपबंद करायचं आणि बटण फिरवायचं. मग आत भट्टीसारखी आग व्हायची आणि सांडलेलं, करपलेलं सगळं जळून त्याची राख व्हायची. पुरता थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही. हे काम वर्षातून एकदा, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या त्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या रविवारी व्हायचं आणि ते लेनर्डचं असायचं. अर्लीन त्यात कधी पडली नाही.

लेनर्ड यंदा वसंतात गेला. पेरणी तोंडावर आली असताना गेला, म्हणून ती त्याच्यावर अजून थोडी रागावलेली होती.

ऑक्टोबरात सून रेनी म्हणाली, "आई, यंदा सणाचं जेवण लिंकनला, शहरात आमच्याकडे करू. तुम्ही फक्त या आणि बसा."

"बसा म्हणे! मी काय पाहुणी आहे?" अर्लीन कडाडली. शेवटी डेलनं तडजोड काढली. यंदा इथेच. पण आईला झेपलं नाही, तर पुढच्या वर्षापासून कायमचं लिंकनला. अर्लीननं मान डोलावली, कारण न झेपण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि मग बुधवारी सकाळी भोपळ्याची गोड पाय-पेस्ट्री भाजायला तिनं दार उघडलं, तर आत सगळं काळंकुट्ट. रविवार येऊन गेला होता. तो रविवार कुणाचा होता, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या रेनी ओव्हनमध्ये डोकावणार आणि काही बोलणार नाही. ते न बोलणंच अर्लीनला सहन झालं नसतं. तिनं खटका सरकवला आणि बटण फिरवलं. सणाची टर्की कोंबडीसारखी अख्खी भाजायच्या आदल्या दिवशी ओव्हन साफ करायला लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे त्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी दरवर्षी कुणी ना कुणी ते करतंच.

दुपारी ओव्हन गार झाला, लाल दिवा विझला, पण खटका हलेना. तिनं आधी गोडीत ओढला, मग चिडून ओढला. घराच्या तळघरात उतरून मेन स्विच पाडला, थोडं थांबून परत चढवला. फटीत पातळ सुरी घालून पाहिली. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, सोमवारी. शेवटी हात टेकले आणि तिनं डेलला फोन केला.

डेल आला तो टर्कीसाठी बर्फाची पेटी घेऊनच. ती पेटी बघून अर्लीनचा चेहरा उतरला.

त्यानंही सगळं करून पाहिलं. स्विच पाडला, बटण मागेपुढे फिरवलं, खटक्यावर तेल सोडलं. "आई, राहू दे आता. टर्की गाडीत घालतो. रेनी भाजेल."

"घाल," ती म्हणाली.

डेलनं कॉफी ओतून घेतली आणि दमून ओव्हनच्या दाराला पाठ टेकली.

"नीट उभा राहा! बापासारखा टेकू नकोस ओव्हनला. किती वर्षं सांगून थकले त्याला, की—"

ती थांबली. लेनर्ड टेकायचा खरा. पण कधी? एरवी तर तो स्वयंपाकघरात पाऊलही टाकायचा नाही. फक्त त्या एका रविवारी संध्याकाळी कॉफीचा मग घेऊन यायचा, दाराला पाठ लावून उभा राहायचा, एक हात मागे. ती म्हणायची, "अरे ऐतोबा, तो खांब आहे का?" तो हसून म्हणायचा, "चाललो, चाललो."

"डेल, हलू नकोस. जोर दे मागे. अजून. आता हात मागे घेऊन खटका सरकव."

खट्.

खटका सरकला आणि दार उघडलं. दार बिजागरीत कधीपासून लटकलं होतं कोण जाणे. आत दाबून धरलं की आतला आकडा मोकळा होत होता. लेनर्डनं हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चर्चच्या तळघरात तिनं मिरवायचं कशाच्या जोरावर? ओव्हन आतून स्वच्छ होता आणि तळाशी मूठभर राख. अर्लीन ओल्या फडक्यानं ती राख पुसत बसली आणि पुसता पुसता हमसून रडली. त्याला तिनं आळशी म्हटलं होतं, दरवर्षी, आणि तो दरवर्षी हसला होता. डेलनं तिला रडू दिलं. मग गुपचूप टर्की फ्रिजमध्ये परत ठेवली.

गुरुवारी टेबलाभोवती, कशाबद्दल आभारी आहोत ते एकेकानं सांगायची पाळी आली. एरवी अर्लीन बोलायला लागली की ग्रेव्ही गार व्हायची. यंदा ती म्हणाली, "लेनर्डबद्दल," आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

जेवणानंतर ती भांडी विसळत होती. डेल पुसायला आला.

"आई, पुढच्या वर्षी ओव्हन साफ करायला लावशील ना, त्या रविवारी मला फोन कर. टेकायला येईन."

"आणि रेनी? ती काय म्हणेल?"

"तिनंच मला हे सुचवलं," डेल म्हणाला.