भाऊराव हळू बोलायला शिकले

भाऊराव इंगळ्यांना सिनेमा आवडायचा, पण अट एकच: पडद्याखाली अक्षरं हवीत. नुसतं बोलणं त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं.

सुरतेत उधन्याच्या लूमखात्यांत, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यांत, चौतीस वर्षं काढलेल्या माणसाची ही अट रास्तच म्हणायची. बारा-बारा तास धोट्यांच्या खडखडाटात उभं राहिलं की कान हळूहळू हात टेकतात. पण शेठला कळलं तर तो घरी बसवेल, म्हणून कारीगर हे दुखणं कुणाला सांगत नाही. भाऊरावांनीही सांगितलं नाही. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं, आणि नाहीच कळलं तर हसून "हो, हो" म्हणायचं. या हो-होच्या जोरावर त्यांनी दोन सोयरिकी जुळवल्या आणि एका भांडणात पंच म्हणूनही बसले. पुढे खातं सुटलं, पण लपवायची खोड सुटली नाही. डिंडोलीच्या गल्लीत सगळे समजत, इंगळेकाकांना जरा कमी ऐकू येतं. जरा कसलं, काहीच येत नव्हतं.

बायको आनंदी होती तोवर निभलं. ती त्यांच्यासमोर बसून, तोंड पुरतं उघडून बोलायची. तीन वर्षांपूर्वी ती गेली आणि घरात दोघेच उरले, भाऊराव आणि मुलगा लोकेश. लोकेश चोवीस वर्षांचा. एम्ब्रॉयडरी मशीनवरची दोन कामं त्याने वर्षभरात सोडली होती. कशात मन लागत नाही, एवढंच कारण. कानात इयरफोन, मान मोबाइलमध्ये. मान खाली घालून बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे पोटच्या पोराचं बोलणं भाऊरावांना तीन वर्षांत फारसं कळलंच नव्हतं. शुक्रवारी त्याचा मेसेज आला. तो वाचता आला, हेच दुःख. 'रविवारी कोसाडला जातो. नितीनच्या रूमवर राहीन.' नितीन त्याचा मित्र, आणि कोसाड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

"काऊन? मी काय केलं?" भाऊरावांनी विचारलं. लोकेशने फक्त खांदे उडवले. आपलं काय चुकलं, एवढं तरी पोराने जायच्या आधी सांगावं, दुसरं काही त्यांना नको होतं.

रविवारी दुपारी पोराला बॅग भरताना बघवेना, म्हणून ते गल्लीतल्या बुद्धविहारात गेले. तिथलं वाचनालय सांभाळणारी चैताली महिन्यातून एकदा भिंतीवर सिनेमा दाखवायची. त्या दिवशी रशियाचा माहितीपट होता, सोव्हिएत राजवटीच्या अखेरच्या वर्षांतला, तिथल्या तरुण पोरांवरचा. खाली हिंदी अक्षरं होती. बघायला जेमतेम आठ माणसं. रशियन कुणालाच येत नव्हतं, सगळे अक्षरंच वाचत होते. एवढ्या लोकांत बसून आपण बरोबरीचे आहोत, असं भाऊरावांना कित्येक वर्षांनी वाटलं आणि ते ऐसपैस बसले.

पडद्यावरची पोरं तळघरात गिटार वाजवत होती. कारखान्यात जायचं नाही म्हणत होती, पण मग काय करायचं तेही त्यांना माहीत नव्हतं. मोठी माणसं देशाबद्दल बोलायला लागली की ती खिडकीबाहेर बघायची. भाऊरावांना सगळ्यांत आपला लोकेशच दिसत होता. मग कॅमेरा एका पोराच्या घरी गेला. त्याचा बाप कापडाच्या गिरणीतला विणकर. बाप बोलायला लागला, आणि त्याचं ते तोंड वासून बोलणं बघताच भाऊरावांनी आपला माणूस ओळखला. पुढे पोराचं वाक्य आलं: 'माझा बाप सतत ओरडत असतो. मी काय केलं, ते मला अजून कळलं नाही.'

"अरे, तो ओरडत नाई!" भाऊराव म्हणाले. "त्याले ऐकू येत नाई!"

सगळी डोकी मागे वळली. पुढच्या रांगेतली छायाबाई तर छातीला हात लावून बसली होती. चैताली जवळ आली, आणि तिने तळहात खाली दाबून हळू बोलायची खूण केली.

हीच खूण आनंदीची होती. चारचौघांत ती त्यांचा गुडघा दाबायची. बाईला सवय आहे, असंच भाऊराव जन्मभर समजत आले होते.

सिनेमा संपल्यावर त्यांनी चैतालीला गाठलं. "पोरी, मी नेहमीच एवढ्या जोरात बोलतो?"

चैतालीने त्यांच्या समोर येऊन सांगितलं, "काका, आम्हाला वाटतं तुम्ही रागावलेले असता."

भाऊराव तिथून निघाले ते गळ्यावर बोटं ठेवून. लूम बिघडला की कारीगर त्याला हात लावून बघतो, तसे ते आपला आवाज हाताने तपासत होते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला त्यांनी वांग्यांचा भाव विचारला. तो दचकला. त्यांनी आवाज उतरवून पुन्हा विचारलं. भाजीवाला "क्या बोला काका?" म्हणत पुढे वाकला. समोरचा पुढे वाकला म्हणजे आवाज बेताचा, एवढं गणित त्यांनी तिथेच बसवलं. वांगी मात्र घेतली नाहीत, आणि तो खरोखरच रागावला.

घरी लोकेश बॅगेची चेन ओढत होता.

"जेवला का रे?" भाऊराव त्याच बेताच्या आवाजात म्हणाले.

लोकेशने इयरफोन काढले आणि सरळ येऊन बापाच्या कपाळाला हात लावला. "बाबा, तबियत ठीक नाही का?"

"ठीक आहे. मी रागावलो नव्हतो रे. कवाच नाई."

लोकेश खाटेवर बसला आणि बोलायला लागला. मान खाली, बोटं चेनशी खेळत. तो बोलत राहिला, इतका की मध्ये एकदा त्याने डोळे पुसले. भाऊरावांना एक अक्षर कळलं नाही. जुन्या खोडीने ओठावर "हो, हो" आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"लोकेश, मले काई ऐकू येत नाई. काईच नाई. वर पाहून परत सांग."

लोकेशने मान वर केली. तेवढं सगळं परत सांगणं कुणाला जमणार? मग तो आईसारखा समोर बसला, आणि तोंड पुरतं उघडून म्हणाला, "लहानपणी मी आईला विचारायचो, बाबा का ओरडतात. ती म्हणायची, ते खात्यातून आलेत, म्हणून. ती गेल्यावर मला वाटलं, ती नुसती माझी समजूत घालत होती, तुम्ही माझ्यावरच रागावलेले आहात."

खाली नितीनची गाडी आली असावी, कारण लोकेशने खिडकीकडे बघितलं आणि बॅग उचलली. तो थांबणार नव्हता, हे भाऊरावांना कळलं. त्यांना रडू येत होतं, आणि थांब म्हणून ओरडावंसंही वाटत होतं. त्यांनी गळ्यावर बोटं ठेवली.

"सांभाळून जाय," ते म्हणाले.

दारात उभा असलेला लोकेश ऐकायला पुढे वाकला.