उपरण्याखालचा एक श्वास

बैलबाजारात माझा हात उपरण्याखाली होता, तेव्हा बातमी आली. आम्ही दलाल भाव तोंडाने बोलत नाही. हातांवर उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून सांगायचं. समोर जुन्नरचे कादरभाई होते. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं. त्यांनी माझी बोटं हळूच सोडली. "राव, आज ऱ्हाऊ द्या. वारूळवाडीचे गुरुजी गेले."

तीन वर्षं मी गुरुजींशी बोललो नव्हतो...

शाळेतून निवृत्त झाल्यावर ते सकाळी ओसरीवर योग शिकवत. मी गेलो तो माझ्या रागापायी. भर बाजारात एकाच्या मुस्काटात मारली होती. इतरांना त्यांनी आसनं दिली, प्राणायाम दिला. मला म्हणाले, "उपरणं हातावर पडलं की एक श्वास सावकाश घ्यायचा, मगच बोट दाबायचं. बस." रोज जे करतोसच त्याच्या पाठीवर नवी सवय ठेव, म्हणायचे, मग तिचं ओझं होत नाही. थोडं, पण खंड न पडता, मनापासून. त्यालाच ते अभ्यास म्हणत.

वर्षभर तेवढंच केलं. मग डोकं फिरलं. "चारच बुकं शिकलोय म्हणून मला एकच श्वास व्हय?" गुरुजी हसले. माझंच उपरणं ओढून त्यांनी आमच्या हातांवर टाकलं. मी पाच बोटं दाबली. त्यांनी एक. मी तीनवर आलो. पुन्हा एकच. असं अडून बसलेलं गिऱ्हाईक मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. उपरणं हिसकावून उठलो, तो पुन्हा गेलो नाही.

पुढे कधीतरी तो श्वास आपोआप यायला लागला. हे त्यांना सांगायचं होतं... पण आधी त्यांनी बोलवावं, असं धरून बसलो. ओझरला जाताना त्यांच्या दारावरून जायचो, मान वळवायचो नाही. त्यांनी बोलावलं नाही. तो राग अजून आहे.

दहाव्याला गुरुजींच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "तुमची सतरंजी रोज टाकायचे. निरोप धाडा म्हटलं, तर म्हणायचे, सौद्यावरून जो उठतो, त्यानंच परत येऊन बसायचं असतं."

हा आमच्या बाजाराचा नियम. मीच त्यांना सांगितलेला.

परवा पुन्हा बाजारात बसलो. कादरभाईंच्या हातावर उपरणं टाकलं. माझं बोट हलेना. "लई थांबता राव तुमी. बैल म्हातारा व्हईल तवर!"

मी थांबलो नव्हतो. श्वास चालला होता. तो संपेपर्यंत उपरण्याखाली, माझ्या तळव्यावर, गुरुजींचं ते एकच बोट होतं... या वेळी घासाघीस न करता मी ते कबूल केलं.